कोपऱ्यातला राजा

भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. त्या गावी बुद्धिबळाला प्रेक्षकांची वाण नाही. तरी स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत मागच्या पटांपाशी कोण थांबतो? मी थांबलो.

एकीकडे हळदीचे प्रौढ व्यापारी, समोर अकरावीतला विद्यार्थी. शेठजींच्या प्याद्याचा नुकताच वजीर झाला होता. पूर्ण गुण मिळता, तर आयुष्यातले पहिले पारितोषिक त्यांच्या पदरी पडते. मुलाकडे उरला होता राजा आणि वजीर होण्यास एकच घर उरलेले प्यादे. मात्र ते उंटाच्या पट्टीतले.

प्यादे मधल्या पट्टीत असते, तर वजीर शह देत देत काळ्या राजाला त्याच्याच प्याद्यापुढे बसवतो आणि त्या उसंतीत आपला राजा एकेक घर जवळ आणतो. शेठजींनी तेच आरंभिले. वजिराने शह दिला. मुलाने प्यादे वाऱ्यावर सोडून राजा सरळ कोपऱ्यात नेला! आता प्यादे मारावे, तर राजाला शह नाही आणि हलण्यास घरही नाही. म्हणजे स्टेलमेट, बरोबरी. न मारावे, तर प्याद्याचा वजीर होतो.

शेठजी बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. अर्धा-अर्धा गुण.

"बाळ, माझा राजा कुठवर यायला हवा होता?"

"इथवर, काका," म्हणत मुलाने पांढरा राजा उचलून तीन घरे पुढे ठेवला.