रमेशची बायको 'हर' कशी झाली?

इंग्लिश मेलमधलं एक इवलंसं सर्वनाम नाती बदलू शकतं, आणि एखाद्याचं अप्रेझलही!

'रमेश अँड हर वाइफ आर कमिंग.' आता सांगा, ही वाइफ नेमकी कोणाची? रमेशची ना? मग 'हर' कुठून आलं? ऑफिसच्या मेलमध्ये असं वाक्य गेलं की क्युबिकल्समध्ये खसखस पिकते आणि लिहिणाऱ्याचा कॉन्फिडन्स पार डाऊन!

पण मला विचाराल तर ही चूक बुद्धीची नाहीच, भाषांच्या ट्रॅफिक जॅमची आहे. भंडारा जिल्ह्याचंच घ्या. घरी झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी. तुमसरच्या बाजारात हिंदीही चालते, कारण पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. आणि नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात लागली की इंग्लिश. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. 'हिज म्हणजे त्याचा, हर म्हणजे तिचा' हे सगळ्यांचं पाठ असतं. घोळ होतो तो वाक्य जुळवताना.

मागे बघायचं की पुढे?

हिंदीत आपण 'रमेश और उसकी पत्नी' म्हणतो. इथे 'उसकी' जुळतं ते पुढच्या पत्नीशी. मालक पुरुष की बाई, हे त्यातून कळतच नाही. इंग्लिशचं नेमकं उलटं. तिथे सर्वनाम मागे बघतं, ज्याच्या जागी आलंय त्या नामाकडे. रमेश पुरुष, म्हणून 'हिज'. विषय संपला.

आणि मराठी? ती दोन्हीकडे बघते! 'त्याची'मधलं 'त्या' रमेशसाठी, 'ची' बायकोसाठी. म्हणजे हिंदीच्या वळणाने न जाता थेट मराठीतून विचार केलात, तर उत्तर हातातच आहे. शेवटचं चा-ची-चे काढून टाका. माणसाबद्दल बोलत असाल आणि 'त्या' उरलं तर हिज, 'ति' उरलं तर हर. वस्तू असेल तर सरळ इट्स. आपली बस 'ती' आणि ट्रक 'तो' असला, तरी इंग्लिशमध्ये दोघंही 'इट'!

साहेब एकच आहेत

'साहेब त्यांच्या केबिनमध्ये आहेत' याचं 'सर इज इन देअर केबिन' करू नका. आपण अनेकवचनातून मान देतो, इंग्लिशमध्ये तशी पद्धत नाही. 'हिज केबिन' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही, टेन्शन नको.

गंमत म्हणजे इंग्लिशमध्येही एका माणसासाठी 'दे' रुळलंय. 'प्रत्येकाने आपला डबा आणावा' हे आपण सहज म्हणतो. 'आपला' म्हटलं की बाई-पुरुष प्रश्नच मिटतो. इंग्लिशकडे असा शब्द नाही. 'एव्हरीवन' एकवचनी, म्हणून व्याकरणाची जुनी पुस्तकं 'हिज' सांगायची. मग 'हिज ऑर हर' आलं. बोलताना लोक मात्र शतकानुशतकं 'देअर' म्हणतायत. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने एकवचनी 'दे'ला २०१५ चा शब्द ठरवलं, तर मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने २०१९ मध्ये 'दे'ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. तेव्हा मेलमध्ये 'एव्हरीवन... देअर' बिनधास्त लिहा. स्पर्धा परीक्षेत मात्र जुना नियम धरून प्रश्न येऊ शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

खरा धोका इथे आहे

'हर वाइफ'वर लोक फार तर हसतील. पण हे वाचा: 'राहुल टोल्ड अमित दॅट हिज रिपोर्ट वॉज राँग.' व्याकरण परफेक्ट! पण चुकलेला रिपोर्ट कोणाचा? राहुलचा की अमितचा? दिल्लीत बसलेला मॅनेजर हे दोघांनाही ओळखत नाही. तो आपल्या मनाने एक नाव धरणार आणि एखाद्याला नसलेल्या चुकीबद्दल बोलणी बसणार. अशा वेळी सर्वनामाचा मोह सोडा. 'अमित्स रिपोर्ट' असं थेट नाव पुन्हा लिहा. वाक्य थोडं बोजड होईल, पण निरपराध माणूस वाचेल.

सेंड दाबण्याआधी

* प्रत्येक हिज, हर, इट्स, देअरवर थांबा आणि विचारा: कोणाचं?
* उत्तर मागच्या शब्दांत शोधा, पुढच्या नाही.
* दोन उत्तरं निघाली तर सर्वनाम खोडा, नाव लिहा.

अ‍ॅक्सेंट नंतर बघू. आधी कोणाचं काय, ते तर नीट कळू दे!