लोडरच्या तेलाला कूलर बसविताना

हंगाम अर्ध्यावर आला की आमच्या वर्कशॉपच्या दारात एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, लोडरचं तेल लई तापतंय, बाजारातला कूलर बसवू का?” बसवा, हे उत्तर काही खोटे नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. असेच अर्धे उत्तर आम्ही एकदा एका सभासदाला दिले होते, त्याची हकिकत पुढे येईलच.

जादा ऑईल कूलर ही काही नवी चीज नव्हे. जर्मनीच्या पोर्शे ९११ या वेगवान मोटारीचे इंजिन पूर्वी हवेने थंड होत असे. पाणी नाही, म्हणून उष्णता वाहून नेण्याचे पुष्कळसे काम तेलाच्याच अंगावर. १९६९ च्या ९११ एस या मॉडेलला पुढच्या उजव्या मडगार्डात एक जादा कूलर दिलेला होता. मोटार धावली की समोरून वारा आपोआप मिळतो. आपला लोडर मात्र उसाच्या ढिगापाशी जागच्या जागी घुमतो. वारा नाही, वर ऊन आणि भोवती पाचट. म्हणून मोटारीची नक्कल करून नुसती जाळी टांगली तर उपयोग थोडाच. तिच्यामागे पंखा हवाच.

आता मुळात तेल तापते का, ते बघू. पंपाने दाब दिला आणि त्या दाबाने काही उचलले, तर ती शक्ती कामी आली. पण ग्रॅब भरलेला असताना ड्रायव्हर लिव्हर ओढूनच धरतो, तेव्हा तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत परत जाते आणि सगळ्या शक्तीची उष्णता होते. हिशेब करा. मिनिटाला ३० लिटर तेल चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबाने असे फुकट परतले, तर सुमारे साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा अश्वशक्ती उष्णतेत गेली. दीड किलोवॅटच्या पाच शेगड्या टाकीत ठेवल्यासारखेच हे!

टाकीतले तेल ८० अंशांच्या वर सारखे राहू लागले की ते पातळ होते, पंप आतल्या आत गळतो, रबरी सील कडक होऊन चिरतात. हाताने अंदाज घेऊ नये. साठ अंशालाच हात ठरत नाही. लांबून तापमान दाखविणारी बंदूक हल्ली सहज मिळते, ती टाकीवर धरावी.

आता ती हकिकत. त्या सभासदाने कर्ज काढून लोडर घेतलेला. आमच्या सांगण्यावरून त्याने एका गॅरेजात कूलर बसविला, तो थेट रेडिएटरच्या पुढे, चिकटून. तेल थोडे निवले. पण तीच गरम हवा रेडिएटरमध्ये जाऊ लागली, मागच्या जाळीत पाचट कोंबले गेले आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिनचे पाणी उकळले. गॅस्केट गेले. दोन ट्रॉल्यांचा तोडलेला ऊस फडातच पडून राहिला. तोडलेला ऊस रोज वजनाला आणि साखरेला उतरतो, हे सभासदांना आम्ही काय सांगावे! मशीन खोलले तेव्हा कळले, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो अर्धवट उघडाच राहिला होता. व्हॉल्व्ह साफ झाला असता तर कदाचित कूलर लागलाच नसता. आम्ही ते आधी बघायला हवे होते.

तेव्हा आधी तेलाची पातळी, फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह आणि कुठे बारीक किंवा दुमडलेला होज आहे का, हे बघा. त्यानंतरही तेल तापत असेल, तर कूलर घ्या.

तो नेहमी परतीच्या लाईनवर बसवावा. दाबाच्या लाईनवर बसविला तर जाळी फुटलीच म्हणून समजा. ती तेवढ्या दाबासाठी बनविलेलीच नसते. पौषातल्या पहाटे तेल घट्ट असते, ते जाळीतून लवकर सरकत नाही आणि परतीच्या लाईनलाही दाब चढतो. म्हणून जोडीला बायपास व्हॉल्व्ह हवा, म्हणजे थंड तेल कूलरला वळसा घालून टाकीत जाईल. दुकानदार तो वेगळा विकतो, आणि आपली माणसे नेमके तेवढेच पैसे वाचवतात.

जागा रेडिएटरपासून दूर, बाजूला. पंखा बारा व्होल्टचा, पुढे बारीक तारेची जाळी. खाली रबरी बुश घालावेत, नाहीतर हादऱ्यांनी ॲल्युमिनियमचा सांधा चिरतो. होज सायलेन्सरजवळून नेऊ नये. तेलाचा एक फवारा आणि वाळलेले पाचट एवढ्यावर ट्रॅक्टर पेटतो. गळती शोधताना बोट फिरवू नका. दाबाचे तेल कातडीत घुसते आणि पुढे बोट कापायची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

बसवून झाल्यावर मशीन दहा मिनिटे रिकामे फिरवून टाकीतली पातळी पुन्हा बघावी, कारण कूलर आणि होज मिळून थोडे तेल आपल्याकडे ठेवतात. पहिल्या दिवसाअखेर नट आवळावेत. आणि रोज संध्याकाळी जाळीवर हवा मारायची ती आतून बाहेर.