विनाशुल्क दूरचित्रवाणी आणि डिजिटल रेकॉर्डरची निवड

मासिक वर्गणी न भरता दूरचित्रवाणी पाहणे आणि हवा तो कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे आज भारतात सहज शक्य आहे. मात्र रेकॉर्डर निवडण्यापूर्वी संकेत कोठून घ्यावयाचा, हे ठरवावे लागते. या दृष्टीने बंगळुरूचे उदाहरण उद्‌बोधक आहे.

दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ मानकानुसार भूस्थित डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यांत बंगळुरू व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे होती. साध्या अँटेनावर मिळणाऱ्या या सेवेत दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या होत्या. बंगळुरूतील मराठी कुटुंबाला ‘डीडी सह्याद्री’ हवी असेल, तर ‘डीडी फ्री डिश’ हाच विनाशुल्क मार्ग ठरतो. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहाद्वारे मिळते. खर्च होतो तो केवळ डिश व सेट-टॉप बॉक्सचा, तोही एकदाच. बंगळुरूहून हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असतो. केवळ उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे उघडणाऱ्या सज्जात डिश बसवून उपयोग नाही.

येथेच अनेकांची गफलत होते. अँटेनासाठीचा रेकॉर्डर डिशला जोडून चालत नाही, कारण उपग्रहासाठी डीव्हीबी-एस२ ट्यूनर लागतो. बॉक्स एमपीईजी-४ संकेत उलगडणारा असावा. केवळ एमपीईजी-२ जाणणाऱ्या जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. डिजिटल संकेत मुळातच संकोचित असल्याने रेकॉर्डर तो जसाच्या तसा साठवतो. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने तासाला सुमारे ९०० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर तीस-पस्तीस तासांचे कार्यक्रम मावतात. एक पाहताना दुसरी वाहिनी मुद्रित करावयाची असेल, तर सर्वसाधारणपणे दोन ट्यूनर हवेत. काही बॉक्सवरील मुद्रण अन्यत्र चालत नाही, हेही विकत घेण्यापूर्वी विचारावे.

असे मुद्रण कायदेशीर आहे काय? प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेस २५ वर्षांचा प्रसारण-पुनरुत्पादन हक्क मिळतो. मात्र स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम ३९ ने या हक्काच्या भंगातून वगळले आहे. परीक्षार्थींनी ही दोन कलमे एकत्रच वाचावीत. मुद्रणाच्या प्रती विकणे या सवलतीत बसत नाही.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ शैक्षणिक वाहिन्यांची रचना दररोज किमान चार तासांचा नवा आशय व त्याचे आणखी पाच वेळा पुनःप्रक्षेपण अशी ठरविण्यात आली. अभ्यासासाठीच रेकॉर्डर हवा असेल, तर दोन ट्यूनरच्या महागड्या यंत्रापेक्षा वेळ लावून मुद्रण करणारा, यूएसबी जोडणी असलेला साधा बॉक्स पुरेसा आहे. एक प्रक्षेपण हुकले, तरी पुढचे मुद्रित करता येते.