१२ सामने, २ विजय, २८ गोल खाल्ले : मुंबई सिटीची आशियातली कामगिरी खरंच इतकी वाईट होती का?

६ नोव्हेंबर २०२३. सोमवारची रात्र. पनवेलहून सुटलेल्या हार्बर लोकलमधून काही मंडळी निळे शर्ट घालून नेरुळला उतरली. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या रात्री आयपीएल नव्हतं की कुठली कॉन्सर्ट नव्हती. सौदी अरेबियाचा अल हिलाल हा क्लब मुंबई सिटी एफसीशी खेळायला आला होता. आशिया खंडाचं क्लब विजेतेपद चार वेळा जिंकलेला दुसरा क्लब नाही, आणि तो इथे, पनवेलपासून लोकलच्या अंतरावर!

ऑगस्टमध्ये या गटाचा ड्रॉ निघाला तेव्हा सोशल मीडियावर एकच नाव फिरत होतं, नेमार. अल हिलालने त्याला नुकतंच घेतलं होतं. पण ऑक्टोबरच्या मध्यात ब्राझीलकडून खेळताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. या लिगामेंटचं डॉक्टरी नाव एसीएल आणि एएफसी चॅम्पियन्स लीगचं लघुरूपही एसीएल. एका एसीएलमुळे दुसरं हुकलं. नेमार आला नाही. अल हिलाल मात्र आली आणि २-० ने जिंकून गेली.

त्या मोसमात मुंबईने सहापैकी सहा सामने गमावले. "भारतीय फुटबॉलची लायकीच नाही" अशा पोस्ट पडल्या, मीम्स झाले. गंमत म्हणजे त्याच्या दीड वर्ष आधी याच क्लबने याच स्पर्धेत इतिहास घडवला होता. मग मधल्या काळात बदललं काय?

ही स्पर्धा नेमकी कोणती?

युरोपात चॅम्पियन्स लीग असते, तशी आशियात एएफसी चॅम्पियन्स लीग. त्या त्या देशातले विजेते आणि आघाडीचे क्लब इथे भिडतात. मुंबई-पुण्याच्या क्लबांना आशिया अगदीच नवीन नव्हता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता (२०१० मध्ये कंपनीने तो संघच बंद केला). पुणे एफसीही २०१४ मध्ये हा कप खेळला. पण एएफसी कप ही दुसऱ्या पायरीवरची स्पर्धा होती. वरच्या पायरीच्या गटफेरीत भारतीय क्लब कधीच नव्हता.

ते दार २०२१ मध्ये उघडलं, कारण गटफेरीतले संघ ३२ वरून ४० करण्यात आले. भारताच्या वाट्याला एक थेट जागा आली. तिथे पहिला गेला एफसी गोवा. कोविडमुळे मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये प्रेक्षकांविना सामने झाले. गोव्याने कतारच्या अल रय्यानशी दोनदा आणि अमिरातीच्या अल वाहदाशी एकदा बरोबरी साधली, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध तर आधी गोलही केला. तीन गुण मिळाले, विजय मात्र नाही.

रियाधमधले ते सात गुण

त्याच वर्षी, १३ मार्च २०२१ ला, मुंबई सिटीने आयएसएलची अंतिम लढत जिंकली होती. त्याआधी साखळीतलं पहिलं स्थानही त्यांनीच मिळवलं होतं. त्या पहिल्या स्थानामुळे २०२२ चं आशियाचं तिकीट त्यांना मिळालं. गटातले सगळे सामने रियाधमध्ये, एप्रिलच्या तीन आठवड्यांत.

पहिल्याच लढतीत अल शबाबने ३-० ने हरवलं. ११ एप्रिलला समोर होता इराकचा अल कुवा अल जाविया, म्हणजे इराकी हवाई दलाचा क्लब. भारतीय चाहत्यांना हे नाव चांगलंच माहीत होतं. २०१६ च्या एएफसी कप फायनलमध्ये याच क्लबने बंगळुरू एफसीला १-० ने हरवलं होतं आणि तो गोल हम्मादी अहमदने केला होता. रियाधमध्येही ५९व्या मिनिटाला गोल केला तो त्याच हम्मादी अहमदने. पुन्हा तेच होणार असं वाटत असताना ७०व्या मिनिटाला डिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांनी कॉर्नरवरून आलेला चेंडू राहुल भेकेने डोक्याने जाळ्यात मारला. २-१.

एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. आणि विजयी गोल कुणाचा, तर मुंबईतच जन्मलेल्या बचावपटूचा. आपल्याकडे याची हवी तेवढी चर्चा झाली नाही. एप्रिल महिना आणि आयपीएल सुरू, आणखी काय होणार?

पुढे अमिरातीच्या अल जझीराविरुद्ध एक पराभव, एक ०-० बरोबरी. अल शबाबने दुसऱ्या सामन्यात सहा गोल चढवले. पण २६ एप्रिलला मुंबईने इराकी संघाला पुन्हा हरवलं, १-० ने. एकूण सात गुण आणि गटात दुसरं स्थान. पश्चिम विभागातल्या पाच गटांच्या उपविजेत्यांपैकी सर्वोत्तम तीनच पुढे जाणार होते. त्या तिघांत मुंबईचा नंबर लागला नाही.

मग २०२३ मध्ये काय बिघडलं?

संघ कमजोर झाला होता का? उलट. २०२२-२३ च्या आयएसएल साखळीत मुंबई सलग १८ सामने अपराजित राहिली होती. आशियाच्या जागेसाठी जमशेदपूरशी प्लेऑफ झाला, तोही ३-१ ने जिंकला. प्रशिक्षकही तेच, डेस बकिंगहॅम.

बदलले होते ते समोरचे संघ आणि नियम. २०२२ मध्ये एका सामन्यात तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू उतरवता येत असे. म्हणजे कितीही श्रीमंत क्लब असला तरी मैदानावरचे किमान सात जण त्याच्याच देशातले. २०२३ पासून ही मर्यादा पाच अधिक एक झाली. मुंबईच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणि चर्चेत ती जवळपास आलीच नाही. ज्याच्याकडे पैसा त्याला अर्धा संघ विकत घेण्याची मुभा मिळाली.

आणि पैसा किती? जून २०२३ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने अल हिलालसह चार क्लबांचे ७५ टक्के हिस्से घेतले. बातम्यांनुसार एकट्या नेमारची किंमत ९ कोटी युरो होती, रुपयांत साधारण ८०० कोटी. आयएसएलमध्ये तेव्हा पूर्ण संघाच्या पगारावरची मर्यादा होती सुमारे १६.५ कोटी. नेमार नसला तरी नेव्हेस, कुलिबाली, मिलिन्कोविच-साविच, मित्रोविच होतेच. रियाधमध्ये अल हिलाल ६-० ने जिंकली, त्यात मित्रोविचचे तीन गोल.

दुसरा मुद्दा वेळेचा. २०२२ मध्ये आयएसएल मोसम संपला होता आणि तीन आठवडे डोक्यात फक्त आशिया होता. २०२३ मध्ये सामने सप्टेंबर ते डिसेंबर असे विखुरलेले. आज आयएसएल, मग विमानाने उझबेकिस्तान, परत आयएसएल, मग रियाध. शेवटचे दोन सामने बाकी असताना बकिंगहॅमही इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले.

'घरचं मैदान' हाही नावापुरताच प्रकार होता. अंधेरीतलं मैदान सात-आठ हजारांचं. त्यामुळे आशियातले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. मुंबईच्या, नवी मुंबईच्या चाहत्याला 'घरी' जायला घाट चढावा लागत होता! फक्त अल हिलालचा सामना नेरुळला झाला आणि तिथे हीच मुंबई तासभर ०-० वर टिकली, त्यातली शेवटची काही मिनिटं तर दहा जणांनी. मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं होतं. दोन्ही गोल त्यानंतरचे.

मात्र सगळं खापर सौदी पैशावर फोडणंही बरोबर नाही. गटातले बाकी दोन संघ होते उझबेकिस्तानचा नवबहोर आणि इराणचा नासाजी. नासाजी म्हणजे कापड विणणं. गिरण्यांच्या गावातला, तिथल्या कापड उद्योगाचं नाव लावणारा हा क्लब. गिरणगावच्या शहरातल्या संघाने त्याला तरी हरवायला हवं होतं. पण मुंबई दोन्ही सामने ०-२ ने हरली. नवबहोरने ताश्कंद नव्हे, नमंगन या शहरातून येऊन पुण्यात २-१ ने सामना नेला. सहा सामन्यांत मुंबईचा एकमेव गोल तो हाच.

आता पुढे?

२०२४-२५ पासून आशियाने स्पर्धांची रचनाच बदलली. तेव्हा वरच्या 'एलिट' स्पर्धेत फक्त २४ संघ ठेवले गेले आणि त्यात भारताला जागा नव्हती. भारतीय क्लब दुसऱ्या पायरीवरच्या 'चॅम्पियन्स लीग टू'मध्ये खेळू लागले. म्हणजे जुन्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारताचे एकूण तीनच मोसम झाले. एक गोव्याचा, दोन मुंबईचे. १८ सामने आणि २ विजय. दोन्ही विजय मुंबईचे आणि दोन्ही त्याच इराकी क्लबविरुद्ध.

मे २०२४ मध्ये भेकेच्या नेतृत्वाखाली मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून आयएसएल कप उचलला. पण आशियाची जागा साखळीत पहिल्या आलेल्याला असल्याने ती मोहन बागानकडे गेली. २०२५ मध्ये एफसी गोवा पात्रता सामना जिंकून 'टू'मध्ये पोहोचला. त्यांच्या गटात आला अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा क्लब. २२ ऑक्टोबरला फातोर्डात सामना झाला, गोवा १-२ ने हरला, त्यांचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा.

रोनाल्डो आला नव्हता.