चाळिसावा हिस्सा

मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली की आमच्या घरी दस्तरखानावर खजूर मांडायचं काम धाकट्या मुलीकडे असतं. ती सहावीत आहे. माणसं सहा, खजूर वीस. विषम संख्येत खजूर खाण्याचा रिवाज, म्हणून प्रत्येकी तीन. उरलेले दोन कुणाचे, यावर रोज वाद! गणिताचा पेपर म्हटलं की हिच्या पोटात दुखतं. पण इथे भागाकार आणि बाकी ती बिनधास्त करते, कारण इथे कुणी गुण देत नाही.

हे लक्षात आल्यावर या रमजानमध्ये घरातले बरेच हिशेब मी तिच्यावर सोपवले. फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकातून सेहरी ते इफ्तार किती तास-मिनिटं, हे ती रोज काढते. साठ मिनिटांची वजाबाकी वहीत नेहमी चुकायची. भुकेल्या पोटी चुकत नाही. रमजान दरवर्षी अलीकडे का सरकतो, हेही तिने विचारलं. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. मग दहा-अकरा दिवसांचा फरक तिनेच शोधला आणि आपल्या आजीने मे महिन्यातले रोजे किती वेळा धरले असतील, ते मोजत बसली.

खरी परीक्षा जकातीची होती. निसाबइतकी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी बचत वर्षभर असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा गरजूंचा. टक्केवारी म्हणताच तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, “टक्के सोड. निम्मे कर, पुन्हा निम्मे कर, मग दहाने भाग.” १,८४,००० चे ९२,०००, मग ४६,००० आणि शेवटी ४,६००. तिला इतकी गंमत वाटली की तिने माझी गेल्या वर्षीची वही उघडली आणि १,५२,००० वर तोच प्रयोग केला.

“अब्बू, इथे ३,८०० हवेत. तुम्ही ३,०८० लिहिलेत.”

मी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक माझीच होती.

“मग हे ७२० रुपये कुणाचे?”

जकात हा आपला उपकार नसतो, घेणाऱ्याचा हक्क असतो, हे मी अनेकदा बोललो आहे. त्या दिवशी ते मला एका वजाबाकीने शिकवलं. ते ७२० रुपये तिनेच वेगळ्या लिफाफ्यात घातले.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी ‘अल-जब्र’वर ग्रंथ लिहिला. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्यातूनच आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसांच्या वाटणीचा आहे. कुणाचा हक्क बुडू नये, यासाठीही माणसाने गणित केलं.

तेव्हा ईदच्या शीरखुर्म्याचं दूध, शेवया, सुकामेवा यांचं प्रमाण यंदा मुलांना ठरवू द्या. चुकलं तर चुकू द्या, फक्त रागावू नका. आणि आपली जुनी वहीही एकदा त्यांच्या हाती द्या.