तीन ग्लास, त्यांतला एक वेगळा

‘ही स्मूद जाते, ती घशाला लागते.’ ‘रम गरम असते, थंडीत बरी.’ ‘बियर म्हणजे काय, पाणीच ते.’ मित्रांची बैठक जमली की अशी मते ठासून मांडली जातात आणि मांडणारा प्रत्येक जण जिभेची साक्ष काढत असतो. व्हिस्की, रम आणि बियर यांच्यात फरक आहेच. कोणत्या रेणूमुळे कोणता वास येतो, इथपर्यंत तो सांगता येतो. पण आपल्याला जाणवलेल्या फरकातला किती भाग ग्लासातल्या द्रवाचा आणि किती बाटलीवरच्या कागदाचा, हे पिणाऱ्याला एकट्याने ठरवता येत नाही. ते ठरवण्याची एक साधी, प्रामाणिक पद्धत आहे आणि ती मद्य बनवणाऱ्यांनीच घडवली आहे.

1940 च्या दशकात डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बियर कारखान्यात आणि अमेरिकेत सीग्रॅम या व्हिस्की कंपनीत चव तपासणारे लोक एकाच उत्तरापाशी पोचले. चाखणाऱ्यापुढे तीन ग्लास ठेवायचे. दोघांत एकच पेय, तिसऱ्यात दुसरे. ‘कोणते आवडले?’ असे विचारायचेच नाही. वेगळा ग्लास कोणता, एवढे सांगायचे. काहीच कळत नसेल तरी अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, त्यामुळे बरीच उत्तरे जमा झाली की कळणे आणि ठोकून देणे यांतला भेद आकड्यांत दिसतो. बार्ली दुसऱ्या शेतातून आली, पिंप बदलले, तर गिऱ्हाइकाला कळेल का, हे कारखान्याला जाणून घ्यायचे होते. ही ‘त्रिकोण चाचणी’ आज सगळ्या खाद्यउद्योगात वापरली जाते.

तिच्यासमोर सामान्य पिणाऱ्यांचे काय होते? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या तीन नामांकित लागर बियर अशाच चाचणीला लावल्या होत्या. वेगळा ग्लास ओळखणे बहुतेकांना जमले नाही. त्याच्या अर्धशतक आधी, 1964 मध्ये, अ‍ॅलिसन आणि उल या अमेरिकी संशोधकांनी 300 हून अधिक नेहमीच्या बियर पिणाऱ्यांना घरी बाटल्या दिल्या. आधी लेबल काढलेल्या, मग लेबल लावलेल्या. लेबल नसताना लोकांना आपला नेहमीचा ब्रँड ओळखता आला नाही आणि सगळ्या बियरना जवळपास सारखेच गुण मिळाले. लेबल दिसताच ज्याने त्याने आपापल्या ब्रँडला वर चढवले.

यावरून ‘चव वगैरे सगळे मनाचे खेळ’ असा निष्कर्ष काढणे मला अजिबात पटत नाही. हे लागर मुळातच एकमेकांसारखे असतात. थंड तापमानात सावकाश आंबवल्यामुळे त्यांतले यीस्ट सुगंधी द्रव्ये फार कमी तयार करते, आणि कारखान्यांना तेच हवे असते. आता त्या ग्लासांच्या शेजारी जर्मन पद्धतीची गव्हाची बियर ठेवा. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि नवशिक्यालाही तो डोळे मिटून ओळखता येतो. बियरमध्ये केळेही नसते आणि लवंगही. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या द्रव्याचा, ते यीस्ट आंबवताना बनवते. लवंगेसारखा वास 4-व्हिनाइल ग्वायकॉलचा, धान्याच्या कोंड्यातल्या फेरुलिक आम्लातून तेच यीस्ट तो काढते. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पुढे शहरात ताज्या बियरची ठिकाणे वाढत गेली, तेव्हा अनेकांनी हा वास पहिल्यांदा घेतला. क्राफ्ट बियरला नुसता महाग फेस म्हणणाऱ्याने एवढी एक बियर डोळे मिटून घ्यावी.

वास हा शब्द इतक्यांदा आला, कारण खरी तुलना नाकातच होते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच सांगते. बाकी बहुतेक सारे घोट गिळताना घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेतून कळते. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात, तरी मिश्रणातले वास सुटे करणे आपल्याला फारसे जमत नाही. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत तीन-चारहून अधिक वास एकत्र केले की ते वेगवेगळे ओळखणे सरावलेल्या लोकांनाही जमेना. महागड्या बाटलीवर मध, व्हॅनिला, सुके अंजीर, चामडे, तंबाखू आणि संत्र्याची साल अशी यादी छापलेली असते. ती सगळी आपल्याला एका घोटात सापडली नाही, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

‘स्मूद’ आणि ‘कडक’ यांचा तर चवीशी संबंधच थोडा आहे. मिरचीचा तिखटपणा आपल्याला टीआरपीव्ही-1 नावाच्या ग्राहकामुळे कळतो. हा मुळात उष्णतेचा इशारा देणारा ग्राहक, साधारण 42 अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. इथेनॉल त्याचा उंबरठा सुमारे 34 अंशांपर्यंत खाली आणते, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच घसा भाजल्याची खबर मेंदूला जाते. आता आपला चकणा आठवा. तिखट शेंगदाणे, फरसाण, चिली चिकन. मिरचीही त्याच ग्राहकाला चेतवते. झणझणीत चकण्याबरोबर व्हिस्की जास्त ‘लागते’, त्यात व्हिस्कीचा दोष नसतो. खाऱ्या दाण्यांचे उलटे आहे. मिठातले सोडियम कडूपणा दबवते, त्यामुळे त्यांच्या संगतीत कडू बियर सौम्य वाटते.

रमच्या गरमपणाचेही एकदा पाहून घेऊ. भारतातली बहुतेक रम आणि व्हिस्की एकाच तीव्रतेची असते, 42.8 टक्के. हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या ‘प्रूफ’ पद्धतीतून आला. त्यांचे 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के अल्कोहोल, त्याचे पाऊण केले की 42.8. बाटलीवरचे ‘25 यू. पी.’ म्हणजे प्रूफपेक्षा 25 अंश कमी. तेव्हा अल्कोहोलच्या बाबतीत रमला व्हिस्कीहून अधिक गरम असण्याचे कारणच नाही. शिवाय दोन्ही त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. अंग तापल्यासारखे वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर निघून जात असते. थंडीत हे धोक्याचे आहे. ‘पाणीच ते’ म्हणणाऱ्यासाठीही हिशेब सोपा आहे. 8 टक्के अल्कोहोलच्या स्ट्राँग बियरची 650 मिलीलिटरची एक बाटली म्हणजे 52 मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. 60 मिलीलिटरचे दोन पेग धरले तरी 51 च्या आसपासच भरते.

व्हिस्की की रम, हा वाद आपल्याकडे ज्या बाटल्यांवरून होतो त्यांची एक गोष्ट महाराष्ट्राने तरी लक्षात घ्यावी. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखर काढली की उरते ती काळी, दाट मळी. ती आंबवून, उंच स्तंभात पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून सुमारे 96 टक्क्यांचे जवळजवळ बिनवासाचे अल्कोहोल काढतात. स्वस्त आणि मध्यम दराच्या अनेक भारतीय व्हिस्कींचा पाया हेच अल्कोहोल असते. त्यात थोडी माल्ट व्हिस्की, काही स्वाद आणि रंग येतो. आता धान्यापासूनही असे अल्कोहोल बरेच बनते, पण मळीचा वाटा जुना आणि मोठा आहे. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच असावी लागते, तिथे मळीच्या पेयाला ते नाव लावता येत नाही. म्हणजे आपल्या टेबलावर व्हिस्की विरुद्ध रम म्हणून जे भांडण रंगते, त्यातल्या दोन्ही बाजू पुष्कळदा उसाच्याच असतात.

धान्याची व्हिस्की आपल्याकडे होत नाही असे नाही. बंगळूरच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची माल्ट तयार होते. मोड आणलेली बार्ली, तांब्याची भांडी, ओकची पिंपे, सगळे स्कॉटलंडसारखेच. वेगळी असते ती हवा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरात 10 ते 12 टक्के. उष्णतेने लाकडातले पदार्थही भराभर उतरतात. लिग्निन तुटून व्हॅनिलिन येते, ओकच्या लॅक्टोनमुळे नारळाचा वास येतो. त्यामुळे वयाचा आकडा पाहून भारतीय आणि स्कॉच माल्टची तुलना करणे व्यर्थ आहे. इथल्या पाच वर्षांत पिंपातले द्रव्य निम्म्याकडे येऊ लागते, बारा वर्षे वाट पाहणे सहसा परवडत नाही.

उरली रम. तिच्याबद्दल मला मनापासून वाटते की तिची थोरवी आपल्याकडे कमी ओळखली जाते. कोला घातल्यावर तर साखरेखेरीज काहीच हाती लागत नाही. जमैकात ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेनसारख्या जुन्या कारखान्यांत मळी कित्येक दिवस आंबू देतात. ऊर्ध्वपातन झाल्यावर भांड्यात उरलेला आंबट द्रव, ज्याला तिथे ‘डंडर’ म्हणतात, तोही पुढच्या खेपेत मिसळतात. यीस्टबरोबर जिवाणूंनाही मोकळे रान मिळते. ते ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि त्याला खवट लोण्याचा, खरे तर ओकारीचा वास येतो. पण याच आम्लाची अल्कोहोलशी गाठ पडली की तयार होते इथाइल ब्युटिरेट, आणि त्याचा वास असतो पिकलेल्या अननसाचा. नकोसा वाटणारा रेणू एका रासायनिक क्रियेने फळाचा होतो. अशा रमचा ग्लास नाकाशी नेला की अननस, अतिपिकलेले केळे आणि कुठेतरी रंगाच्या डब्याची आठवण, सगळे एकदम येते. तिची व्हिस्कीशी गल्लत करणे कोणालाही शक्य नाही.

आता लेबलाकडे परत. 2001 मध्ये बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, त्यातल्या एका ग्लासात बिनवासाचा लाल रंग मिसळला होता. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. रम आणि व्हिस्कीत कॅरॅमलचा रंग सर्रास वापरतात, स्कॉचलाही त्याची मुभा आहे, त्यामुळे ‘गडद म्हणजे जुनी’ हा तर्क टिकत नाही. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला, बॉस्टनजवळच्या पबमधला प्रयोग. बियरमध्ये काही थेंब बाल्सामिक व्हिनेगर टाकून ती लोकांना दिली. काही न सांगता दिली तेव्हा अनेकांना ती साध्या बियरपेक्षा आवडली. व्हिनेगर आहे असे आधी सांगितले तेव्हा पसंती घसरली. पिऊन झाल्यावर, पण पसंती द्यायच्या आधी सांगितले तेव्हा मात्र ती फारशी बदलली नाही. लोक भिडेखातर मत बदलत असते, तर उशिरा कळूनही बदलले असते. आधी मिळालेली माहिती चाखण्यातच मिसळून जाते, हे यातून दिसते. म्हणून महागड्या बाटलीचे कौतुक करणारा खोटे बोलत नसतो, त्याला ती खरोखरच तशी लागलेली असते.

हे सगळे घरी तपासता येते. मद्याचा कोणताच डोस निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे, आणि तिसऱ्या पेगनंतर नाकाचाही भरवसा नसतो. तेव्हा एका वेळी चमचाभरच घ्यावे, चाखून थुंकावे. बर्फ टाळावा, गारव्याने वास उठत नाहीत. व्हिस्की-रममध्ये जवळपास तेवढेच पाणी घालून तीव्रता 20 टक्क्यांवर आणावी. व्हिस्कीचे मिश्रण करणारे जाणकार साधारण याच तीव्रतेवर वास घेतात. पाण्याने काय साधते, याचे एक स्पष्टीकरण स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय गणनेतून मांडले. धुरकट वासाचे ग्वायकॉल हे द्रव्य तीव्र अल्कोहोलमध्ये आत दडून राहते, तीव्रता उतरली की अल्कोहोलबरोबर पृष्ठभागाकडे येते, तिथून नाकाला सापडते. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घ्यावेत आणि दिवा मंद ठेवावा.

पेले भरणाऱ्याने चाखणाऱ्यासमोर थांबू नये, त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. दोन पेयांचे तीन पेले सहा प्रकारे मांडता येतात, मांडणी दर वेळी चिठ्ठी काढून बदलावी. सलग तीन वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता 27 मध्ये एक. दोन-तीन बैठकांत मिळून बारा फेऱ्या झाल्या आणि त्यांत आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर फरक कळतो असे संख्याशास्त्र मानते. सातवर ते मानत नाही. आवडीचा प्रश्न त्यानंतर विचारावा, तोही लेबल झाकलेले असतानाच, आणि किंमत सगळ्यात शेवटी सांगावी.