अवघड प्रश्न कोणाला विचारावा?
पडद्यावरील चर्चा आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



वडील अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर आहेत. यंत्र काढण्यास संमती द्यावी की नाही? पोटातील बाळात गंभीर दोष असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. आता काय करावे? पती मारहाण करतो. घर सोडले तर विवाहसंस्काराचा भंग होईल काय? लग्नाला दहा वर्षे झाली, मूल नाही. रुग्णालयाने सुचविलेला उपचार ख्रिस्तसभेला मान्य आहे काय? असे प्रश्न प्रत्येक धर्मग्रामात आहेत. पूर्वी ते घरातील वडीलधाऱ्यांच्या, जिवलग मैत्रिणीच्या किंवा धर्मगुरूंच्या कानी पडत. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत त्यांतील कितीतरी प्रश्न प्रथम मोबाइलच्या पडद्यावर उमटतात. कधी ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात विचारले जातात, कधी नाव लपवून अनोळखी लोकांसमोर ठेवले जातात. ही चर्चा चांगली की वाईट, एवढेच विचारून भागणार नाही. कोणता प्रश्न किती जणांसमोर मांडावा आणि कोणता एकाच विश्वासू व्यक्तीजवळ बोलावा, याचा विवेक आपण कसा करावा, हे या लेखात पाहू.

प्रश्न पडद्याकडे का वळले?

याचे एक कारण उपनगरांतील घरांतच आहे. एका खोलीत किंवा छोट्या सदनिकेत तीन पिढ्या राहतात. सुनेला सासूच्या नकळत बोलता येत नाही आणि मुलाला वडिलांसमोर मन मोकळे करता येत नाही. चाळीत भिंतीपलीकडे सर्व ऐकू जाते. अशा घरात हातातील पडदा हीच एक स्वतंत्र खोली वाटू लागते. दुसरे कारण लाज हे आहे. ज्या धर्मगुरूंना दर रविवारी भेटायचे, त्यांच्यासमोर आपली दुखरी गोष्ट काढणे अनेकांना जड जाते.

ही गरज नवी नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते चालविले. जे प्रश्न घरात उच्चारणेही अशक्य होते ते वाचक त्यांना पत्राने विचारीत. १९३४ साली अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कर्वे यांची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळणारी नव्हती. तरीही माणसे त्यांना पत्रे का लिहीत होती, हे आपण समजून घेतले पाहिजे. आपले म्हणणे कोणीतरी न हिणवता ऐकावे, अशी त्यांची भूक होती.

प्रभू येशूनेही ही भूक ओळखली होती. निकदेम रात्री त्याच्याकडे आला, तेव्हा दिवसाढवळ्या का आला नाहीस असे प्रभूने त्याला विचारले नाही. शोमरोनी स्त्रीशी तो विहिरीवर एकांतात बोलला. तिच्या संसाराची गोष्ट निघाली, तेव्हा शिष्य गावात गेले होते. लपून प्रश्न विचारणाऱ्यास भित्रा म्हणण्यापूर्वी हे दोन प्रसंग आठवावेत.

२००८ सालची एक वेदना आणि देशभराचा निकाल

खाजगी वेदना सर्वांच्या चर्चेचा विषय झाली की काय होते, याचे उदाहरण आपल्या दहिसरपलीकडेच घडले. २००८ साली भाईंदर येथील एका दांपत्याला गर्भातील बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे समजले. तोवर गर्भ सुमारे चोवीस आठवड्यांचा झाला होता आणि १९७१ च्या कायद्याने गर्भपातास वीस आठवड्यांची मर्यादा होती. डॉ. निखिल दातार यांच्यासह त्या दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने ती नाकारली. त्याच महिन्यात त्या मातेचा गर्भ आपोआप पडला.

गर्भधारणेपासून मानवी जीवन पवित्र आहे आणि व्यंग असलेल्या बाळाचा जगण्याचा हक्क इतर कोणापेक्षाही कमी नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण तेव्हा स्पष्ट होती आणि आजही आहे. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन काही प्रकारच्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. गर्भात गंभीर दोष असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मताने परवानगी मिळू शकते. मात्र कायदा बदलल्याने नीतितत्त्व बदलत नाही.

परंतु त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, तिचाही विचार व्हायला हवा. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांवर अक्षरशः देशभर त्या मातेच्या उदराची चर्चा झाली. कोणी तिला निर्दयी ठरविले, तर कोणी न्यायालयाला. नियमाविषयी मत देणे आणि त्या स्त्रीविषयी निकाल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान फार थोड्यांनी ठेवले. आम्ही येथे त्या दांपत्याचे नाव पुन्हा छापत नाही. ते छापल्याने कोणाचेही भले होणार नाही. अशा मातेला सत्य सांगणे आवश्यक आहे. पण त्याआधी तिच्या दारी जाणे, रुग्णालयात सोबत करणे आणि जन्मणाऱ्या बाळाचा भार वाटून घेण्यास तयार असणे हेही आपले कर्तव्य आहे. दूरच्या अनोळखी माणसाला मत देता येते, परंतु हा भार उचलता येत नाही.

अर्धे उत्तर घातक ठरते

गटातील चर्चेत उत्तरे झटपट येतात आणि बहुधा अर्धी असतात. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे. यंत्र काढणे म्हणजे खून, असे कोणी ठामपणे लिहून टाकतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना उद्देशून केलेल्या भाषणात स्पष्ट केले होते की, असाधारण उपचार चालू ठेवण्याचे बंधन रुग्णावर नसते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२७८ हेच सांगतो. जो उपचार अतिशय कष्टदायक किंवा धोकादायक आहे, किंवा ज्याचा भार त्यापासून होणाऱ्या लाभाच्या मानाने फारच मोठा आहे, तो थांबविणे म्हणजे रुग्णास मारणे नव्हे. मृत्यू टाळता येत नाही एवढेच स्वीकारणे होय. मात्र मरण घडवून आणण्यासाठी औषध देणे हे सदैव गंभीर पाप आहे, आणि अन्नपाणी, स्वच्छता, वेदनाशमन अशी साधारण शुश्रूषा थांबवू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा निर्णयांसाठी नियम घालून दिले आणि २०२३ साली ते सुलभ केले. तुमच्या वडिलांचा उपचार साधारण की असाधारण, हे ठरविण्यास त्यांचा आजार, त्यांची इच्छा आणि डॉक्टरांचे मत माहीत असावे लागते. गटातील पन्नास जणांना ते माहीत नसते.

दुसरे उदाहरण मार खाणाऱ्या पत्नीचे. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, असे सांगून तिला परत पाठविणारे सल्लागार बरेच आहेत. कॅनन कायद्याचे कलम ११५३ त्यांना ठाऊक नसते. जोडीदारामुळे शरीरास किंवा आत्म्यास गंभीर धोका होत असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे, असे ते कलम सांगते. धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याकडून तसा आदेश घ्यावा आणि विलंबात धोका असेल तर स्वतःच्या निर्णयानेही निघावे, अशी त्यात तरतूद आहे. वेगळे राहिल्याने विवाहबंधन तुटत नाही, पण त्या स्त्रीचे प्राण वाचतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही तिच्या बाजूने उभा आहे. अर्ध्या ज्ञानातून दिलेला धार्मिक सल्ला अशा घरात जिवावर बेतू शकतो.

प्रभूने दिलेला क्रम

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एक क्रम घालून दिला आहे. भाऊ चुकला तर प्रथम एकट्याने एकट्याशी बोलावे. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे. आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे. हा उपदेश चुकलेल्याच्या सुधारणेविषयी आहे. परंतु आपल्या अवघड प्रश्नांनाही तो क्रम चपखल लागू पडतो. आधी एक, मग थोडे आणि शेवटी अनेक. आपल्या मोबाइलने हा क्रम उलटा केला आहे. गोष्ट प्रथम सर्वांना कळते, मग चार जण कुजबुजतात, आणि ज्याच्याशी बोलायला हवे होते त्याच्या कानी ती सर्वांत शेवटी येते.

पडद्यावरील खोलीला भिंती नाहीत, हेही ध्यानात असावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील एका तरुणीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांना पसंती दर्शविली; दोघींनाही अटक झाली. ज्या कलम ६६अ मुळे अशा कारवाया होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कायद्याचा तो धोका टळला. परंतु मित्रांसाठी लिहिलेले शब्द कोठवर जातील हे आजही लिहिणाऱ्याच्या हाती नाही. संदेश नंतर पुसला तरी कोणी त्याचे छायाचित्र घेतलेले असू शकते.

पापनिवेदन पडद्यावर का नाही?

तरुण मंडळी विचारतात की, सर्व काही फोनवर होते, मग पापनिवेदन का नाही? सामाजिक संपर्कमाध्यमांसाठीच्या परमधर्मपीठीय समितीने २२ फेब्रुवारी २००२ रोजी 'ख्रिस्तसभा आणि इंटरनेट' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे त्यात स्पष्ट केले आहे. कोरोनाकाळात २० मार्च २०२० रोजी रोमच्या प्रेषितीय प्रायश्चित्त न्यायपीठाने विशेष सवलती सांगितल्या, तेव्हाही फोनवरील पापनिवेदनाची वाट उघडली नाही. संस्कारात केवळ माहिती पोहोचत नाही. दोन माणसे देवासमोर प्रत्यक्ष उपस्थित असतात. शिवाय पापनिवेदनाची मोहोर अभंग आहे. डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित कलम १३८६ नुसार, पापनिवेदनातील बोलणे यंत्राने टिपणाऱ्यास किंवा दुष्टबुद्धीने प्रसृत करणाऱ्यासही शिक्षा आहे. अशी हमी कोणताही गट देऊ शकत नाही. मात्र धर्मगुरूंना भेटीची वेळ मागण्यासाठी किंवा शिकवण समजून घेण्यासाठी फोनचा उपयोग जरूर करावा.

मौन कोठे पाप ठरते?

गुप्ततेचा अर्थ अन्याय झाकणे असा कदापि नाही. बालकाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शोषण करणारा नातेवाईक असो, शिक्षक असो वा धर्मगुरू असो. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला उपदेशाचे संदेश पाठवू नका. त्याला फोन करा आणि शक्य असल्यास त्याच्याकडे जा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेल्या 'आयकॉल' सेवेत प्रशिक्षित समुपदेशक फोन व ईमेलवर ऐकून घेतात. दूरवरून केलेला संवादही जीव वाचवू शकतो, याचा हा पुरावा आहे. अट एवढीच की, ऐकणारा प्रशिक्षित हवा आणि गुप्तता पाळणारा हवा.

एवढे तरी पाळू या

१. तत्त्वाचा प्रश्न अनेकांत विचारावा. स्वतःची जखम एकालाच दाखवावी. 'ख्रिस्तसभा अमुक विषयी काय शिकविते?' हा प्रश्न गटात योग्य आहे. 'माझ्या सुनेने असे केले, काय करावे?' हा नाही.

२. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या अनुमतीवाचून पुढे पाठवू नये. 'प्रार्थनेसाठी' म्हणून पाठविलेली बदनामीही बदनामीच असते.

३. उत्तर देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. 'तू सुरक्षित आहेस ना?' हा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत आधी यावा.

४. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, आणि जाणकाराकडे घेऊन जावे. मुंबई सरधर्मप्रांताचे माहीम येथील 'स्नेहालय' कुटुंबसेवा केंद्र विवाह व कुटुंबाच्या प्रश्नांसाठीच आहे.

५. निर्णय रात्री उशिरा, पडद्यासमोर घेऊ नये. प्रार्थना करावी, विश्वासू माणसाशी प्रत्यक्ष बोलावे आणि मगच पाऊल टाकावे.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मानवाचे अंतरंगातील पवित्रस्थान मानले आहे, जेथे तो देवाबरोबर एकटा असतो. त्या गाभाऱ्याच्या दारापर्यंत सोबत करणे हे मित्राचे, कुटुंबाचे आणि धर्मगुरूंचे काम आहे. आत गर्दी करणे हे कोणाचेच काम नाही. आपल्या धर्मग्रामात आज रात्री कोणीतरी फोन हातात धरून आपला प्रश्न लिहीत असेल आणि पुसत असेल. उद्या ती व्यक्ती आपल्याकडे आली, तर तिचे पूर्ण ऐकून घेण्याइतका वेळ आणि ऐकलेले पोटात ठेवण्याइतके बळ प्रभू आपणा सर्वांस देवो.